फास्ट वर्क झालं, आता पुढचे ४८ तास: घोडा थंड करणं, पाय तपासणं आणि दुसऱ्या दिवशी पळवून बघणं, बरोबर क्रमाने

घोडा गॅलप (पूर्ण वेगाची दौड) करून परत आला, टायमिंग चांगलं लागलं, सगळे खूश, पटकन पाणी मारलं, पायांना बर्फ लावला, बँडेज बांधलं, गव्हाणीत चंदी टाकली आणि माणसं पुढच्या घोड्याकडे गेली. यातली एकेक गोष्ट सुटी बघितली तर बरोबरच आहे, पण क्रम पूर्ण चुकलाय. बर्फ लावायच्या आधी पायाला कोणी हात लावला नाही, त्यामुळे टेंडनमध्ये (पायाच्या मागच्या बाजूचा, स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) गरमी होती का ते आता कळणार नाही. बँडेजखाली सूज दबली. आणि वर कोणी "आखडू नये म्हणून" पेनकिलर दिली असेल तर दुसऱ्या दिवशी घोडा छान पळून दाखवेल, चौथ्या दिवशी परत गॅलप होईल आणि मग जे व्हायचं ते होईल.

म्हणून हा लेख फक्त फास्ट वर्कच्या, म्हणजे अशा पूर्ण वेगाच्या सरावाच्या, दिवसाबद्दल आणि त्याच्या पुढच्या दोन दिवसांबद्दल आहे. एकच गोष्ट पक्की धरा: आधी बघायचं, हात लावायचा, लिहायचं, उपचार त्याच्यानंतर. खालचे आकडे ट्रेनिंगमध्ये असलेल्या साधारण ४५० ते ५०० किलोच्या थरोब्रेड जातीच्या रेसच्या घोड्यासाठी आहेत.

तयारी: तुमच्या घोड्याचं नॉर्मल काय ते आधी माहीत पाहिजे

हे काम गॅलपच्या दिवशी होत नाही, त्याच्या आधीचा एक आठवडा लागतो. रोज सकाळी घोडा ठाणावर शांत असताना, चंदी आणि कामाच्या आधी, टेंपरेचर, नाडी आणि श्वास मोजून वहीत लिहा.

टेंपरेचर साधारण ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सियस असतं. नाडी मिनिटाला २८ ते ४४, फिट घोड्याची बरेचदा तिशीतच असते. श्वास मिनिटाला ८ ते १६. पण ही रेंज पुस्तकातली झाली, तुम्हाला हवाय तो ह्या एका घोड्याचा आकडा, कारण जो घोडा रोज ३७.४ असतो तो एके दिवशी ३८.२ दाखवतो तेव्हा पुस्तक म्हणेल नॉर्मल आणि घोडा मात्र आजारी पडायला लागलेला असतो.

थर्मामीटरला दोरी आणि चिमटा लावा, शेपटीच्या बाजूला उभे राहा, बरोबर मागे नको. टोक गुदद्वाराच्या भिंतीला टेकलं पाहिजे, लिदीत घुसलं तर आकडा चुकतो. नाडी जबड्याच्या खालच्या कडेला बोटांनी लागते, नाहीतर डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावा. "लब-डब" मिळून एक ठोका, नवीन माणसं दोन मोजतात आणि घाबरतात.

त्याच आठवड्यात चारही पायांचा नकाशा डोक्यात आणि वहीत तयार करा. डाव्या पुढच्या पायाला आतून जुनी हाडाची गाठ आहे, थंड आहे, दाबली तर दुखत नाही. मागच्या दोन्ही फेटलॉकला (खुराच्या वरचा सांधा) थोडं पाणी भरतं, चालवलं की उतरतं. असं एकेका पायाचं. आणि हात एकाच माणसाचा असू द्या, शक्यतो जो मोतद्दार रोज त्या घोड्याचा खरारा करतो त्याचाच, कारण त्याच्या बोटांना तो पाय पाठ असतो.

पायरी १: सकाळी, खोगीर चढवायच्या आधी

पहिली नजर गव्हाणीत. रात्रीची चंदी चाटूनपुसून संपलीय की उरलीय? जो घोडा कधी दाणा ठेवत नाही त्याने अर्धी चंदी ठेवली असेल तर पुढचं सगळं थांबवून कारण शोधा. मग टेंपरेचर. ३८.५ च्या वर असेल, किंवा त्याच्या रोजच्या आकड्यापेक्षा अर्ध्या अंशाने जास्त असेल, तर आज गॅलप नाही. "थोडंसंच आहे, घाम आला की उतरेल" हे मी खूप वेळा ऐकलंय. ताप म्हणजे बहुतेक वेळा शरीर कुठल्यातरी इन्फेक्शनशी झगडतंय, अशा वेळी फुफ्फुसांवर पूर्ण वेगाचा ताण टाकला तर साधी सर्दी चार-सहा आठवड्यांची सुट्टी होऊन बसते.

मग रात्रीचे बँडेज असतील तर काढा, पायांना हात फिरवा आणि घोडा बॉक्समधून बाहेर येताना पहिली दहा पावलं बघा. फोन खिशात ठेवून.

खाण्याचं म्हणाल तर दाण्याची चंदी गॅलपच्या आधी किमान तीन-चार तास नको, पण पोट पूर्ण रिकामंही नको, आणि हे अजूनही फार लोक करत नाहीत. घोड्याच्या पोटात ॲसिड चोवीस तास बनत असतं, खात नसला तरी. वेगात पळताना पोटावर दाब येतो आणि ते ॲसिड जठराच्या वरच्या भागात उसळतं, जिथे त्याच्यापासून वाचवणारा थर नसतो. अल्सर तिथेच होतात, आणि ट्रेनिंगमधल्या बहुसंख्य घोड्यांना ते कमी-जास्त असतातच. अर्धा तास आधी थोडंसं गवत, अर्धा किलोच्या आसपास, दिलं तर त्याची वर एक चटई होते आणि ॲसिड कमी उसळतं. पाणी तर काढूच नका.

⚠️ घोडा कामाला न्यायच्या आधी टेंपरेचर वहीत लिहिलेलं नसेल तर घेतलेलं नाही असंच समजा.

पायरी २: रायडरला उतरायच्या आधी विचारा

वॉर्मअपबद्दल थोडक्यात: दहा मिनिटं चालवणं, मग दुडकी, मग हळू कँटर (गॅलपपेक्षा संथ धाव), मग काम. हे कापू नका, एवढंच.

घोडा परत आला की रायडर खोगिरावर असतानाच पाच प्रश्न विचारा. कुठल्या पायावर लीड घेत होता, म्हणजे पळताना कुठला पाय पुढे टाकत होता, आणि मध्येच बदलत होता का? एका बाजूला ओढत होता का? श्वासाचा काही वेगळा आवाज? जोर कुठे संपला, हळूहळू की एकदम? वेग कमी करताना पावलं कशी पडली? "ठीक होता" हे उत्तर घेऊ नका. पाऊल चुकतंय हे बरेचदा वेग कमी करताना आणि गॅलपवरून दुडकीवर येतानाच रायडरला जाणवतं, आणि उतरून चहाला गेल्यावर तो ते विसरतो. जो घोडा नेहमी उजव्या लीडवर सरळ पळतो आणि आज तीनदा लीड बदलून बाहेर सरकत राहिला, त्याचा कुठलातरी पाय दुखतोय असं धरून चला, टायमिंग कितीही चांगलं असू दे.

पायरी ३: पहिला अर्धा तास, थंड करणं

स्नायू जेवढी ऊर्जा जाळतात त्यातली फार तर पाव हिस्सा पळण्याच्या कामी येते, बाकीची सगळी उष्णता होते. त्यामुळे घोडा थांबला तरी शरीर लगेच थंड व्हायला लागत नाही, पुढची काही मिनिटं आतलं टेंपरेचर वर जात राहतं, आणि गुदद्वारात लावलेला थर्मामीटर त्याच्याही मागून येतो. म्हणजे सुरुवातीला थर्मामीटरवर नाही, घोड्याकडे बघून निर्णय घ्यायचा.

साध्या दिवशी हे असं करा:

१. एकदम उभा करू नका, वेग हळूहळू उतरू द्या, मग चालवत आणा.
२. खोगीर काढा, तंग सोडून ठेवून तसंच खोगीर अंगावर ठेवू नका, त्याच्याखाली उष्णता अडकते.
३. सावलीत, वारा असेल तिथे, पूर्ण अंगावर गार पाणी. मान, छाती, पोट, मांड्यांच्या आतून, पाठ, पुठ्ठे, सगळीकडे.
४. थोडं चालवा, परत पाणी, परत चालवा.
५. प्यायला पाणी पुढे ठेवा आणि पिऊ द्या.

तिसऱ्या आणि पाचव्या नंबरवर लोक सगळ्यात जास्त वाद घालतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. गरम घोड्याच्या मोठ्या स्नायूंवर गार पाणी पडलं की ते आखडतात, टाय-अप (स्नायू घट्ट आखडून फाटणं) होतं, ही समजूत चुकीची आहे. उकाड्यात होणाऱ्या मोठ्या स्पर्धांमध्ये गेली कित्येक वर्षं घोड्यांवर बर्फाचं पाणी बिनदिक्कत ओतलं जातं आणि त्यानेच घोडे वाचतात. तसंच गरम घोड्याला पाणी पाजलं की पोटात दुखतं, हेही नाही. उलट कामानंतर लगेच त्याला प्यायची इच्छा असते, ती वेळ घालवली आणि अंग निवलं की बरेच घोडे पाण्याकडे बघतही नाहीत आणि दिवसभर कोरडे राहतात.

आणि पाणी निपटून काढायचं का? घोडा खूप तापलेला असेल तर निपटण्यात वेळ घालवू नका, नुसतं ओतत राहा, नवीन गार पाणी जुनं गरम पाणी ढकलून देतं. ओला टॉवेल मात्र मानेवर टाकून ठेवू नका, तो दोन मिनिटांत गरम होऊन पांघरुणासारखं काम करतो. सगळं झाल्यावर शेवटी एकदा निपटा, हवा गार असेल तर अंगावर शीट टाका.

चेक: वीस-तीस मिनिटांत नाडी साठीच्या आसपास किंवा खाली आली पाहिजे, श्वास शांत होत गेला पाहिजे, टेंपरेचर ३९ च्या खाली येईपर्यंत पाणी बंद करू नका. दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून तिथे पाणी जास्त वेळ आणि पंखा पाहिजेच. बाकीचे घोडे घामाने निथळतायत आणि हा एकटा कोरडा, पण धापा टाकतोय, असं दिसलं तर त्याला घामच येत नसेल, हा एक स्वतंत्र आजार आहे, डॉक्टरला दाखवा.

⚠️ घोडा लडखडतोय, मागचे पाय झाडतोय, विनाकारण चिडलाय, हाक मारली तरी लक्ष नाही, नजर हरवलीय: ही उष्माघाताची लक्षणं. थर्मामीटर शोधत बसू नका, जिथे असेल तिथेच मिळेल ते गार पाणी ओतायला सुरुवात करा, दोन-तीन माणसं लावा, कोणीतरी डॉक्टरला फोन करा. तो पाय झाडत असतो म्हणून मागे उभं राहू नका, बाजूने ओता.

⚠️ याच्या उलट एक प्रसंग आहे जिथे चालवणं थांबवायचं असतं. घोडा मागून आखडलाय, पाऊल छोटं पडतंय, पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे लागतायत, घाम थांबत नाहीये, लघवी कॉफीसारखी गडद: हे टाय-अप. इथे "चालवला की मोकळा होईल" म्हणून ओढत नेलं तर आणखी स्नायू फाटतात. आहे तिथे उभा ठेवा, पाणी द्या, डॉक्टरला बोलवा. स्नायू फाटले की रक्तात वाढणारं सीके हे एन्झाइम साधारण चार ते सहा तासांनी सगळ्यात वर असतं, म्हणून संशय असेल तर सॅम्पलची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा, घोडा परत आल्या आल्या काढलेलं रक्त फसवू शकतं.

पायरी ४: नाक आणि हृदय

फुफ्फुसातून रक्त येणं रेसच्या घोड्यांमध्ये फार कॉमन आहे, पण नाकपुडीतून दिसतं ते फार थोड्यांच्याच. त्यामुळे नाक स्वच्छ म्हणजे रक्त आलं नाही असं होत नाही. मान खाली सोडू द्या, एका बाजूला उंच बांधून ठेवू नका, आणि सारखा गिळतोय का, खोकतोय का ते बघा. जोर अचानक संपला असेल तर स्कोप (नाकातून कॅमेऱ्याची नळी घालून तपासणी) करून घ्या, पण तो कामानंतर अर्धा ते दोन तासांच्या आत. संध्याकाळी डॉक्टर मोकळे झाल्यावर केलेल्या स्कोपमध्ये बरेचदा काही सापडत नाही आणि मग सगळे रायडरला दोष देतात.

त्याच वेळी हृदय पूर्ण एक मिनिट ऐका, पंधरा सेकंदांना चारने गुणून नाही. ठोके कसेही, कधी दोन जवळ, कधी लांब गॅप, असे येत असतील तर ते डॉक्टरच्या कानावर त्याच दिवशी घालायचं, कारण काही घोड्यांत हा अनियमितपणा एक-दोन दिवसांत आपोआप जातो आणि मग तो घोडा त्या दिवशी एकदम का थांबला याचं उत्तरच मिळत नाही.

पायरी ५: पाय. बर्फाच्या आधी हात

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि सगळ्यात महाग चुकाही इथल्याच.

कधी करायचं: घोडा निवला, नाडी खाली आली, पाय पुसून कोरडे केले, की. म्हणजे काम संपल्यावर साधारण पाऊण ते एक तासाने. अंगावरचं पाणी पायांवरून ओघळलेलं असतं त्यामुळे पाय मुळातच थोडे गार लागतात, म्हणून "गरम आहे का" असं विचारू नका, "उजवा आणि डावा सारखे आहेत का" असं विचारा. हातमोजे काढा.

आधी लांबून बघा. समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून. गुडघ्याखाली मागच्या बाजूची रेषा रुळासारखी सरळ दिसली पाहिजे. मध्येच किंचित फुगवटा, धनुष्यासारखा बाक दिसला तर तिथेच थांबा.

मग पाय जमिनीवर टेकलेला असताना हाताची मागची बाजू गुडघ्यापासून फेटलॉकपर्यंत हळू फिरवा, एक पाय, लगेच दुसरा, परत पहिला.

मग पाय उचला. वजन नसताना टेंडन सैल पडतो आणि तेव्हाच तो नीट चाचपता येतो. अंगठा आणि दोन बोटं यांच्या चिमटीत धरून वरून खाली, एकेक सेंटिमीटर, सारख्या दाबाने. वरचा (कातडीलगतचा) टेंडन, त्याच्या खालचा, आणि हाडाला लागून असलेला सस्पेन्सरी लिगामेंट, तिन्ही वेगवेगळे जाणवले पाहिजेत. दोन थर एकमेकांना चिकटल्यासारखे लागतात, कडा गोलसर लागते, किंवा एका ठिकाणी दाबल्यावर घोडा पाय खेचतो, दोन-तीनदा त्याच ठिकाणी, तर ते लिहा. एकदाच खेचला तर गुदगुल्याही असू शकतात.

टेंडनवर मी एवढा वेळ का घालवतोय ते सांगतो. पूर्ण वेगात पळताना वरच्या टेंडनच्या गाभ्याचं टेंपरेचर ४५ अंशांच्या आसपास जातं असं मोजलं गेलंय, आणि तिथे रक्तपुरवठा कमी, त्यामुळे बारीक बारीक इजा साठत जातात. मोठी इजा एकदम होते असं वाटतं, पण तिच्या आधी एक-दोन वेळा तरी पाय नुसता थोडा कोमट आणि केसभर जाड लागलेला असतो, घोडा अजिबात लंगडत नसतो. तो दिवस पकडला तर वाचण्याची संधी असते. नाही पकडला तर बरं व्हायला नऊ महिने ते वर्ष, आणि त्यानंतरही परत होण्याची भीती कायम. संशय असेल तर अल्ट्रासाउंड करा, आणि पहिल्या दोन दिवसांत केलेला स्कॅन छोटा किंवा साफ दिसला तरी आठ-दहा दिवसांनी परत करा, इजा तोपर्यंत मोठी झालेली दिसू शकते.

फेटलॉक: समोरून सांध्याच्या दोन बाजूंना अंगठ्याने दाबा, नवीन पाणी भरलंय का. मग सांधा हळू दुमडा आणि काही सेकंद धरा. कालपर्यंत निमूट दुमडू देणारा घोडा आज मागे सरकला तर ती बातमी आहे. वेगाच्या घोड्यांत सांध्यातल्या बारीक फ्रॅक्चरची सुरुवात बरेचदा एवढ्यावरच दिसते, आणि अशा सांध्यावर परत गॅलप म्हणजे जीवाशी खेळ, घोड्याच्या आणि वर बसलेल्या माणसाच्याही.

नडगी: दोन वर्षांच्या घोड्यांत पुढच्या पायांच्या नडगीच्या समोरच्या बाजूवर अंगठा फिरवा. दुखत असेल तर नडगीचं हाड ताणाला तोंड देता देता सुजतंय. हे कोवळ्या घोड्यांत खूप होतं, त्यामुळे लोक फार मनावर घेत नाहीत, पण तसंच पळवत राहिलं तर काही घोड्यांत तिथेच तडा जातो.

शेवटी खूर. नाल सरकलीय का, खिळा उठलाय का, टाचेवर मागच्या पायाची ठोकर लागलीय का, खूर हाताला गरम लागतोय का, आणि फेटलॉकच्या मागे दोन्ही बाजूंना बोट ठेवून खुराकडे जाणारी नाडी. शांत पायात ती जेमतेम लागते. एकाच पायात ठणठण लागत असेल तर खुरात काहीतरी आहे.

मागचे पाय पण. सगळे पुढचे दोन बघतात आणि मागचे "ठीक असतील".

चेक: चारही पायांचं लिहून झालं? मग बर्फ.

पायरी ६: बर्फ, पोल्टिस, बँडेज

बर्फ २० ते ३० मिनिटं. बर्फ घातलेल्या पाण्याच्या बादलीत किंवा बुटात पाय ठेवला तर पाणी सगळीकडून लागतं, नुसती पिशवी बांधण्यापेक्षा हे बरं. कोरडा बर्फाचा खडा थेट कातडीवर बांधू नका.

मातीचं पोल्टिस (ओला लेप) जखमेवर, खरचटलेल्या जागेवर लावू नका, आणि आधी मालिशचं औषध चोळलंय त्याच्यावर तर अजिबात नाही, कातडी भाजते.

बँडेजखाली जाड आणि सपाट पॅड पाहिजे, सुरकुती नको, ताण वरपासून खालपर्यंत सारखा. वेढा हाडाच्या समोरून बाहेरच्या बाजूने मागे जाऊ द्या, म्हणजे डाव्या पायाला वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट आणि उजव्याला घड्याळाप्रमाणे. गाठ किंवा टेप टेंडनवर येता कामा नये. एका अरुंद पट्ट्यात ताण जास्त पडला तर निरोगी टेंडन बँडेजमुळेच सुजतो, हे मी स्वतः बांधलेल्या बँडेजखाली बघितलंय, घोडी आधी पूर्ण ठीक होती आणि सकाळी तिच्या पायावर बोटभर रुंदीचा फुगवटा होता. तेव्हापासून ताण तपासल्याशिवाय मी ठाणातून बाहेर येत नाही.

⚠️ पेनकिलर या पायरीत नाही. फेनिलब्युटाझोनसारखं औषध दिलं की दुसऱ्या दिवशीची तपासणी वाया जाते, दुखणं तिथेच असतं, फक्त घोडा ते दाखवत नाही. रेसच्या नियमांत औषध पकडलं जाण्याचा प्रश्न वेगळाच. द्यायचं तर डॉक्टरने तपासून सांगितल्यावर, आणि वहीत तारीख-वेळ लिहून.

पायरी ७: पाणी, मग गवत, मग चंदी

क्रम हाच. पाणी लगेच, श्वास शांत झाला की गवत, आणि दाणा तास-दीड तासाने, तोही अर्धाच, उरलेला संध्याकाळी. एका वेळी दोन किलोपेक्षा जास्त दाणा कधीच नको, घोड्याचं जठर लहान असतं आणि न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात गेला की पोटदुखी आणि खुरांची सूज दोन्हींना आमंत्रण. चारा दिवसाला वजनाच्या किमान दीड टक्का, म्हणजे ५०० किलोच्या घोड्याला साडेसात किलो, सुका धरून.

मिठाचं लोकांना नीट माहीत नसतं. घोड्याचा घाम रक्तापेक्षा खारट असतो. त्यामुळे खूप घाम गेला तरी रक्त घट्ट होऊन मेंदूला "तहान" असा जो निरोप जायला पाहिजे तो नीट जात नाही. म्हणून कामानंतर इलेक्ट्रोलाइट (क्षारांचं मिश्रण) द्यायचं, पण पाणी पीत असेल तरच. जो घोडा पाण्याला तोंड लावत नाही त्याच्या तोंडात घट्ट पेस्ट सोडली तर ती आतड्यात उलट शरीरातलंच पाणी ओढते. इलेक्ट्रोलाइटच्या बादलीशेजारी साध्या पाण्याची बादली असलीच पाहिजे, घोड्याला निवडू द्या. कुशीला हृदयाच्या ठोक्याच्या तालात झटके बसतायत असं दिसलं तर क्षारांचा तोल बिघडलाय, डॉक्टर.

आणि दुसऱ्या दिवशी नुसतं चालवायचं असेल तर दाणा कमी करा, गवत वाढवा. पूर्ण चंदी आणि ठाणावर उभा, यातून टाय-अप होतं.

पायरी ८: संध्याकाळी

पाच मिनिटांचं काम. टेंपरेचर, गव्हाण, किती पाणी प्याला, लीद झाली का आणि कशी. बँडेज काढून पायांना परत हात, कारण सकाळी पाण्याने गार झालेली गरमी आता दिसते. मग नव्याने बांधा.

पायरी ९: दुसऱ्या दिवशी सकाळी पळवून बघणं

बँडेज किमान एक तास आधी काढा, दबलेली सूज तेवढ्यात वर येते. मग टेंपरेचर, पाय, आणि घोडा चालवायच्या आधी, थंड असतानाच, दुडकीवर बघायचा. आधी अर्धा तास चालवून मोकळा केलेला घोडा काही दाखवत नाही.

जागा सपाट आणि टणक, तीसेक मीटर सरळ. खोगीर नाही. दोरी सैल, हातभर, डोकं मोकळं हललं पाहिजे. धरणारा माणूस दोरी हॉल्टरजवळ घट्ट पकडतो ही इथली सर्वांत मोठी चूक, डोकंच धरून ठेवलं तर बघणार काय? पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागच्या पायासाठी मागून दोन्ही पुठ्ठ्यांकडे बघा, दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. शक्य असेल तर दोन्ही बाजूंना गोलात पण. मोबाईलवर व्हिडिओ काढा, दर वेळी त्याच जागेवरून, म्हणजे मागच्या आठवड्याशी तुलना होते.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. मांडीखालचं टिबिया आणि खांद्याखालचं ह्यूमरस या हाडांच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमध्ये खालच्या पायात गरमी नाही, सूज नाही, काहीच हाताला लागत नाही. घोडा कामानंतर चांगलाच लंगडतो आणि दोन-तीन दिवसांत बरा होतो. सगळे म्हणतात नस चढली असेल, आखडला असेल. पुढच्या गॅलपला परत तेच. सुरुवातीच्या एक्स-रेमध्येही बरेचदा दिसत नाही, बोन स्कॅन लागतो. मोठ्या सुट्टीनंतर परत कामाला लागलेल्या घोड्यांत पहिले दोन-तीन महिने ह्यूमरसची भीती जास्त असते, कारण सुट्टीनंतर फुफ्फुसं आणि स्नायू लवकर पूर्ववत होतात, हाड तेवढ्या लवकर होत नाही.

⚠️ कामानंतर लंगडला आणि "आपोआप बरा झाला" असं वहीत दोनदा आलं, की तिसरा गॅलप डॉक्टरने हाडं तपासल्याशिवाय नाही.

पायरी १०: तिसऱ्या दिवशी निर्णय

घोड्याच्या स्नायूंतला ग्लायकोजेनचा (ऊर्जेसाठी साठवलेली साखर) साठा भरायला ४८ ते ७२ तास लागतात, माणसापेक्षा खूप जास्त, आणि कितीही दाणा ओतला तरी हे फारसं लवकर होत नाही. त्यामुळे त्याच्या आत परत फास्ट वर्क नको, टायमिंग कितीही मोहात पाडत असलं तरी.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच वेळेला, त्याच काट्यावर वजन करा. गॅलपमध्ये काही किलो उतरतात आणि दोन-तीन दिवसांत परत येतात. वजन परत आलंय, गव्हाण रोज रिकामी आहे, टेंपरेचर त्याच्या नेहमीच्या आकड्यावर आहे, चारही पाय मागच्या आठवड्यासारखेच लागतायत आणि दुडकीचा व्हिडिओ सारखा दिसतोय, तर पुढचं काम ठरवा. यातलं एक जरी नसेल तर दोन दिवस नुसतं चालवा, परत सगळं मोजा, आणि काम पुढे ढकलल्याचं कारणही वहीत लिहून ठेवा, कारण महिन्याभराने डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील की हे नक्की कधीपासून आहे.